जुन्या जेटनौकेची पारख

वैशाखात पंचगंगेच्या घाटावर उभे राहून पाहिले, तर ही नदी कधी कोणाच्या माजघरात शिरेल असे मनातही येत नाही. पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात, दगडी मंदिरांचे पाय कोरडे असतात आणि म्हशी निवांतपणे पाण्यात बसलेल्या असतात. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टात तेथे पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, आणि प्रयाग चिखली, आंबेवाडी यांसारख्या गावांतली माणसे नावांतून बाहेर काढावी लागली. २००५ साली हे घडले होते, २०२१ च्या जुलैत ते पुन्हा घडले. तेव्हा पूर हा आपल्याकडे अपवाद राहिलेला नाही, एवढे तरी आपण धरून चालले पाहिजे.

पूर्वी आपल्या नदीकाठची माणसे गुऱ्हाळातली काहील पाण्यात ढकलून पैलतीर गाठीत. आता गावोगाव निराळी भाषा ऐकू येते. 'सरकारी नाव येईपर्यंत वाट कशाला पाहायची? आपल्या गावाची स्वतःची यांत्रिक नाव असू द्या,' असे तरुण मंडळी म्हणतात. विचार उत्तम आहे. परंतु नव्या नावेची किंमत ऐकली की सभा थंड होते. मग कोणीतरी सांगत येतो, की किनाऱ्यावर प्रवाशांना फिरवून जुनी झालेली एक जेटनौका स्वस्तात मिळते आहे. रंग नवा आहे, वेग तर असा की पाहत राहावे. लगेच वर्गणीची यादी निघते. अशा नावा पाहण्यासाठी काही गावांची मंडळी आम्हांला बरोबर घेऊन गेली. त्या फेऱ्यांत आम्ही जे शिकलो, आणि जेथे चुकलो, तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम एका दुःखद घटनेची आठवण करून देणे आम्हांला भाग आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे, पुरातून माणसांना बाहेर नेणारी नाव उलटली आणि तीत बायकामुलांसह अनेकांचे प्राण गेले. नावेत प्रमाणाबाहेर माणसे होती, असे त्या वेळी सर्वत्र प्रसिद्ध झाले. त्या घटनेचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण तिने एक गोष्ट कायमची शिकविली आहे. गावात नाव असणे आणि गाव सुरक्षित असणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. हौसेसाठी घेतलेली नाव बंद पडली तर हौसच बुडते. पुरासाठी घेतलेली नाव बंद पडली तर तीत बसलेली माणसे संकटात पडतात, आणि ती माणसे बहुधा खरेदीच्या वेळी तेथे नसतातच. म्हणून ही पारख दुसऱ्याच्या वतीने करावयाची आहे, हे ध्यानात ठेवूनच तिला हात घालावा.

आता जेटनौका म्हणजे काय ते पाहू. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील पुष्कळशा नद्या उथळ, वेगवान आणि गोट्यांनी भरलेल्या आहेत. साध्या यांत्रिक नावेचा पंखा तळाखाली लोंबत असतो. अशा नदीत तो पहिल्याच गोट्यावर आपटून मोडावयाचा. विल्यम हॅमिल्टन नावाचे एक गृहस्थ त्या मुलखात मेंढ्यांचे रान सांभाळून यंत्रे घडवीत असत. त्यांनी १९५० नंतरच्या दशकात ह्या अडचणीवर उपाय काढला. पंखा नावेच्या पोटात घेतला. तळाच्या जाळीतून पाणी आत यावयाचे, फिरत्या इंपेलरने ते ढकलावयाचे, स्थिर पात्यांनी त्याची गिरकी मोडावयाची आणि निमुळत्या तोटीतून ते मागे जोराने फेकावयाचे. पाणी मागे गेले की नाव पुढे जाते. तोटी डावी-उजवीकडे वळविली की नाव वळते, आणि तोटीपुढे बादलीसारखे झाकण पाडून झोत उलट फिरविला की नाव मागे येते. १९६० साली अशा नावा अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या प्रचंड घळीतून प्रवाहाविरुद्ध चढून गेल्या. १९७७ साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी तीन जेटनौका घेऊन गंगेच्या मुखापासून वर निघाले, ते पार नंदप्रयागापर्यंत गेले. तेथे धबधब्याने वाट अडविली.

हे वर्णन ऐकून कोल्हापूरच्या माणसाला ओळखीचे काही वाटले नाही तरच नवल. ज्या जिल्ह्यात नदीवर पंप बसवून ऊस पिकविला जातो, ज्या शहराच्या उद्यमनगरात ऑइल इंजिने आणि पंपांचे सुटे भाग ओतले, कातले जातात, तेथील माणसाला जेटनौका म्हणजे दुसरे काय? पंपाला जोडलेली नाव! आम्ही एकदा एका गावाच्या मंडळींबरोबर नाव पाहावयास गेलो होतो. विकणारा वेगाच्या गोष्टी सांगत होता आणि आम्हीही ऐकत होतो. बरोबरच्या एका वृद्ध शेतकऱ्याने मात्र इंजिन बंद असल्याची खात्री केली, किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि जेटवरचे तपासणीचे झाकण उघडून आत हात घातला. 'आबा, काय बघताय?' असे एका पोराने विचारले. 'आरं, ह्यो आपल्या नदीवरच्या पंपाचाच भाऊ हाय,' आबा म्हणाले, 'आन् ह्येचा इंपेलर खाल्लाय.' पात्यांच्या कडा झिजून बोथट झाल्या होत्या. विकणाऱ्याचे वेगाचे आख्यान तेथेच संपले.

आबांच्या त्या हातात सगळ्या पारखेचे सार आहे. नदीवरच्या पंपाचा इंपेलर झिजला की मोटर पूर्वीसारखीच फिरते, विजेचे बिल पूर्वीसारखेच येते, पण पाइपातून पाणी कमी पडते. जेटचेही तसेच आहे. इंजिन ओरडते, काटा वर जातो, पण नाव पुढे सरकत नाही. इंपेलरभोवती जे कडे असते, त्याला वेअर रिंग म्हणतात. पात्याचे टोक आणि हे कडे यांतली फट मिलिमीटरच्या अंशातच असली पाहिजे. प्लगची फट मोजण्याची पत्त्यांची गेज प्रत्येक मेकॅनिकजवळ असते. तिने ही फट चारही बाजूंनी मोजावी आणि त्या बनावटीच्या पुस्तकात दिलेल्या मापाशी ताडून पाहावी. फट सगळीकडे सारखी जास्त असेल, तर वाळूने झीज झाली आहे, आणि खर्च करून ती भरून काढता येते. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असेल, तर शाफ्ट वाकला आहे किंवा बेअरिंग बसले आहे. हे दुखणे मोठे समजावे. शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो अडखळत, खरखरत फिरत असेल, तर बेअरिंगात पाणी गेले आहे. शाफ्ट नावेच्या पोटातून जेथे बाहेर जातो तेथील सीलमधून पाण्याची धार येत असेल, तर 'एवढे चालतेच' हे विकणाऱ्याचे म्हणणे ऐकू नये. शेतातल्या पंपाच्या ग्लँडमधून थेंब पडले तर ते जमिनीत जिरतात. येथे ते नावेत साठतात.

जेटची जाळी हा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग होय. विकणारा सांगेल, की जेटला पंखा नाही, त्यामुळे पाण्यात पडलेल्या माणसाला इजा नाही आणि दगडाची भीती नाही. ह्यातले बरेचसे खरे आहे. पण जी नाव पाणी ओढून चालते ती पाण्यातले सगळेच ओढते. न्यूझीलंडच्या नद्यांत गोटे असतात, पाणी मात्र स्वच्छ असते. आपल्या पुराच्या पाण्यात जलपर्णी असते, उसाचा पाला असतो, प्लास्टिक, चिंध्या, कडबा आणि गोठ्यातली दावी असतात. ह्यांतले काहीही जाळीवर बसले की झोत मंदावतो, आणि दोरी आत जाऊन शाफ्टला गुंडाळली तर नाव जागीच थांबते. म्हणून जाळीचे गज वाकलेले, तुटलेले नाहीत ना, हे नाव कोरड्यावर असतानाच तिच्याखाली वाकून पाहावे. त्याचप्रमाणे वरचे तपासणीचे झाकण नाव पाण्यात असताना उघडता येते का, आणि त्यातून आत पाणी न घेता कचरा काढता येतो का, हे विचारावे. नुसते विचारू नये, करवून घ्यावे आणि घड्याळ लावून पाहावे. ज्या कामाला निवांत बंदरात अर्धा तास लागतो, ते पुराच्या ओढीत होणारच नाही.

तळाची परीक्षा ह्यानंतर. नाव फायबरची असेल, तर स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन तळ, बाजू आणि मागची फळी हातहात अंतरावर ठोकीत जावे. भक्कम भाग टणटणीत वाजतो. आतील थर सुटले असतील किंवा लाकूड कुजले असेल, तर आवाज बसका येतो. बाजारात मडके वाजवून घेणाऱ्या बाईला हे शिकवावयाची गरज नाही. जेटचे सारे वजन आणि जोर मागच्या फळीवर व तळावर येतो. तेथे बोल्टांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असल्या, तर त्या रंगाच्या आहेत की आतपर्यंत गेल्या आहेत, हे जाणत्याकडून पाहून घ्यावे. तळाखाली जाळीच्या पुढच्या भागात डागडुजी केलेली दिसली, तर ती मुद्दाम पाहावी, कारण वाळू-गोट्यावर नाव घासली की पहिला घाव तेथेच बसतो. नाव ॲल्युमिनियमची असेल आणि खाऱ्या पाण्यात चालली असेल, तर सांधे, रिव्हेटे आणि लोखंडी बोल्टांच्या शेजारची जागा पाहावी. तेथे पांढरी भुकटी आणि खळगे दिसले, की खारे पाणी धातू खात आहे असे समजावे. नवा रंग पाहून आनंद मानण्यापेक्षा, तो आत्ताच का दिला, असे विचारणे बरे.

इंजिनाविषयी पहिला नियम असा, की ते थंड असताना पाहिले पाहिजे. आम्ही एका ठिकाणी पोहोचलो, तेव्हा इंजिन अगोदरच गरम होते. 'तुमच्यासाठी तयार ठेवले,' असे विकणारा मोठ्या अगत्याने म्हणाला. आम्ही चहा घेतला, जेवण केले, आणि ते गार होईपर्यंत दोन-अडीच तास तेथेच बसून राहिलो. त्याला ते आवडले नाही. गार झाल्यावर इंजिन सुरू होईना. पुराच्या रात्री इंजिन गरम करून ठेवायला कोणी येत नाही. तेलाची कांडी काढून पाहावी. तेल ताकासारखे दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. आकड्यांत साधारण दहा टक्क्यांहून अधिक तफावत असली, तर कारण कळल्यावाचून व्यवहार पुढे नेऊ नये. अनेक नावांत इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरचेच पाणी जेटमधून घेतलेले असते. समुद्रात चाललेल्या नावेत हे खारे पाणी धुराच्या नळकांड्याला आतून खाते, बाहेरून काही दिसत नाही. ते खोलून दाखविण्यास विकणारा तयार नसेल, तर ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा धरावा.

आपले मेकॅनिक हुशार आहेत, म्हणूनच एक इशारा देतो. मोटारीचा स्टार्टर आणि डायनॅमो नावेला बसतो, चालतोही, आणि स्वस्त पडतो. जुन्या नावांत तो बसविलेला पुष्कळदा आढळतो. पण मोटारीच्या इंजिनाखाली मोकळी हवा असते, नावेचे पोट बंद असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती तळाशी साठते. नावेसाठी बनविलेल्या विजेच्या भागांतून ठिणगी बाहेर पडू नये अशी योजना असते, मोटारीच्या भागांत ती नसते. तेव्हा हे भाग कोणत्या जातीचे आहेत, वाफ बाहेर काढणारा पंखा चालतो का, पेट्रोलच्या नळ्या तडकलेल्या आहेत का आणि साठलेले पाणी उपसणारा पंप चालू आहे का, हे सर्व इंजिन सुरू करण्याच्या अगोदर पाहावे. झाकण उघडल्याबरोबर पेट्रोलचा वास आला, तर किल्लीला हात लावू नये.

एवढे झाल्यावर नाव पाण्यात घालावी. बैलबाजारात आपण दात पाहतो, पण दात पाहून पैसे मोजीत नाही. बैल चालवून, जुंपून पाहतो. नावेचेही तसेच. विकणारा एकटा बसून नाव पाण्यावरून उडवून दाखवील. ती परीक्षा नव्हे. पुरात नाव रिकामी जात नाही. नावेच्या पाटीवर जितक्या माणसांचा भार लिहिला असेल, तितक्या वजनाची वाळूची पोती नीट विभागून भरावीत आणि मग चालवावी. ह्या परीक्षेत वजन म्हणून माणसे बसवू नयेत. भरलेली नाव पाण्याबाहेर उचलून धावू लागते, की पाणी फाडीत नुसतीच रांगते? जेटनौका भरवेगात वीतभर पाण्यावरून जाते असे सांगतात, ते ती उचलून धावत असताना खरे. थांबली की ती बरीच खाली बसते. भार जास्त झाला तर ती उचललीच जात नाही, पेट्रोल मात्र भरमसाट जाळते. इंजिनाचे फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही असे दिसले, तर आबांचा इंपेलर आठवावा. अर्धा तास सतत चालवून तापमानाचा काटा पाहावा. मग थांबवून नावेच्या पोटात किती पाणी आले ते पाहावे.

जेटनौकेचा एक स्वभाव तर खरेदीपूर्वीच सर्वांना समजला पाहिजे. तिला निराळे सुकाणू नसते, झोत हेच तिचे सुकाणू. समोर झाड दिसले की घाबरलेला नवखा चालक गॅस सोडतो. त्याच क्षणी झोत बंद होतो आणि चाक कितीही फिरविले तरी नाव वळत नाही, सरळ झाडावर जाते. ह्या नावेत वळावयाचे तर गॅस थोडा देतच वळावे लागते. हे अंगवळणी पडण्यास सराव लागतो, आणि तो सराव पुरात करता येत नाही.

कागदपत्रांचा कंटाळा करू नये. तळावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कागदांशी ताडून पाहावा. नावेवर कोणाचे कर्ज नाही ना, हे पाहावे. देशांतर्गत जलयानांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा आला आहे. त्याखाली यांत्रिक नावांची पाहणी आणि नोंदणी यांची तरतूद आहे. पाहणीचा दाखला असलेली नाव थोडी महाग पडली तरी चालेल. दाखला नसेल, तर तो मिळविण्याची जबाबदारी कोणाची, हे पैसे देण्यापूर्वी लिहून घ्यावे.

आता शेवटचा प्रश्न, जो विकणाऱ्याला नव्हे, स्वतःला विचारावयाचा आहे. जून उजाडण्यापूर्वी हे इंजिन दरसाल कोण सुरू करून पाहणार? चालक दोन तरी तयार आहेत का? जितकी आसने तितकी जीवरक्षक जाकिटे घेण्यापुरते पैसे वर्गणीत उरले आहेत का? आणि नाव भरली असताना काठावरून 'आणखी एकाला घ्या' अशी हाक आली, तर 'पुढच्या फेरीला' असे निक्षून सांगणारा माणूस गावाने नेमला आहे का? ह्या प्रश्नांची उत्तरे 'नाही' असतील, तर जेटनौका कितीही निर्दोष असली तरी ती घेऊ नये. कदाचित त्या गावाला बाहेर पंखा असलेली साधी नाव, किंवा चार चांगली वल्ही आणि दोन पट्टीचे नावाडी अधिक उपयोगी पडतील. असे सांगण्यात कमीपणा नाही. आम्ही पाहिलेल्या नावांपैकी बहुतेक आम्ही नको म्हणून परत आलो, आणि त्या त्या वेळी बरोबरची मंडळी आमच्यावर थोडीशी नाराज झाली. एका गावाने मात्र पैसे तसेच ठेवले, दोन पोरांना नाव चालविण्याच्या शिक्षणाला पाठविले, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या पोरांनीच दुसरी नाव पारखून आणली. इंपेलर पाहावयास आबा बरोबर होतेच.

सध्या उन्हाळा आहे, नदी खाली आहे. नाव पाहावयाची असेल तर ती ह्याच दिवसांत पाहावी. पाणी पायरी चढू लागले, म्हणजे माणूस मिळेल ती नाव घेतो, आणि तेव्हा तो पारखीत नाही.